हरवलेल्यांची यादी एकीकडे, सापडलेल्यांची दुसरीकडे

मित्रहो, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. यात एक चूक माझीही आहे, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मुलुंड पश्चिमेच्या एका जुन्या इमारतीतून एक कुत्रा हरवला. नाव गुंड्या. नावावर जाऊ नका. नऊ वर्षांचा पांढरा पॉमेरेनियन, वजन जेमतेम सहा किलो, घरात मांजर शिरलं तर कॉटखाली जाऊन बसणारा. मालक बेस्टमधून निवृत्त झालेले कंडक्टर काका. खरं तर कुत्रा काकूंचा होता. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या आणि गुंड्या काकांकडे राहिला. "हिची आठवण म्हणून नाही हो, मलाच त्याची सवय झालीय," असं काका सांगतात. त्यांचं बोलणं असंच असतं.

जिन्यात कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. शेजारचा मुलगा फराळाचं ताट द्यायला आला होता, दार उघडं होतं. गुंड्या पायांमधून निसटला तो गेलाच. गळ्यात पट्टा नव्हता. पूजेआधी आंघोळ घातली होती आणि पट्टा बाल्कनीत वाळत होता.

काकांच्या लेकीने पुण्याहून फोटोसकट मेसेज तयार केला आणि तो सगळीकडे फिरला. सोसायटीचे ग्रुप, मुलुंडचे ग्रुप, मॉर्निंग वॉकवाल्यांचा ग्रुप. माझ्याकडेही आला, मी आपल्या पेजवर टाकला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शेअरही केला. काका मात्र पायी फिरत होते. रोज सकाळी साडेपाचला घरातून निघायचे, हातात गुंड्याची जेवणाची स्टीलची वाटी, ती चमच्याने वाजवत. पाच रस्ता, भाजी मार्केट, स्टेशन, एलबीएस रोड. चेक नाक्यापर्यंत जायचे आणि मागे फिरायचे.

गुंड्या चेक नाक्याच्या पलीकडे होता.

वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या वॉचमनला तो तिसऱ्या दिवशी गेटजवळ सापडला. पुढचा पाय लंगडत होता. वॉचमनने केबिनमध्ये ठेवून घेतला, दूध-पाव दिला, पदरचे पैसे घालून डॉक्टरला दाखवला. त्याच्या सुपरवायझरने फोटो काढून ठाण्याच्या ग्रुपांवर टाकला: "तपकिरी रंगाचा लहान केसाळ कुत्रा सापडला आहे, कोणाचा असल्यास कळवा."

हा मेसेजही फिरत फिरत माझ्याकडे आला, हरवल्याचा मेसेज टाकल्यानंतर पाच दिवसांनी. मी तोही पेजवर टाकला. आणि मला काहीही कळलं नाही. एकाच पेजवर, एकाच माणसाने टाकलेल्या दोन पोस्ट, एकाच कुत्र्याच्या! वरचा फोटो दोन वर्षांपूर्वीचा, आंघोळ घालून पावडर लावलेला, पांढराशुभ्र. खालचा चिखलातला, काळवंडलेला, केसांच्या गाठी झालेला. एका पोस्टवर मुलुंड, दुसरीवर ठाणे. माझ्या डोक्यात ते दोन वेगळे कुत्रे होते, कारण माझ्या डोक्यात चेक नाका होता.

अकराव्या दिवशी एका वाचक ताईंनी खाली कमेंट केली, "दादा, दोघांचा डावा कान बघा, टोकाला सारखाच दुमडलाय." मी दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघितले आणि अक्षरशः तोंडावर मारल्यासारखं झालं.

लगेच सुपरवायझरला फोन लावला. तर दरम्यान त्या वॉचमनची ड्यूटी बदलली होती आणि तो गुंड्याला घेऊन किसन नगरच्या आपल्या खोलीवर गेला होता. पत्ता शोधण्यात आणखी दोन दिवस गेले. तेराव्या दिवशी काका, मी आणि सोसायटीतला एक मुलगा, असे तिघं रिक्षाने गेलो. काकांनी वाटी बरोबर घेतली होती. गल्लीच्या तोंडाशीच वाजवली. पुढचं लिहीत नाही, ज्यांच्या घरी जनावर आहे त्यांना माहीत आहे.

वॉचमनची धाकटी मुलगी रडत होती, तेही सांगितलं पाहिजे. तिच्या दृष्टीने तिचाच कुत्रा कुणीतरी घेऊन चाललं होतं. काकांनी पाच हजार पुढे केले. वॉचमन घेईना. शेवटी डॉक्टरचे झाले तेवढे अकराशे पन्नास घेतले, वर काही नाही. काका महिन्या-दोन महिन्यांनी गुंड्याला घेऊन त्या मुलीकडे चक्कर मारतात.

गोष्ट गोड झाली म्हणून मी ती विसरायला तयार नाही. घरापासून जेमतेम दोन-अडीच किलोमीटरवर असलेला कुत्रा मिळायला तेरा दिवस लागले. माणसं सगळी चांगली होती. वॉचमन चांगला, सुपरवायझर चांगला, शेअर करणारे तुम्ही शेकडो लोक चांगले. आणि तरीही गुंड्या एका ताईंच्या नजरेमुळे मिळाला, निव्वळ नशिबाने.

मी मूळचा सिन्नरचा. पत्रकारितेचा डिप्लोमा केला आणि तालुक्याच्या साप्ताहिकात चिकटलो, तेव्हा पहिलं काम मिळालं ते छोट्या जाहिराती घ्यायचं. त्यात 'हरवले-सापडले' असं एकच सदर असायचं. एकाची शेळी हरवली, दुसऱ्याला शेळी सापडली, दोन्ही मजकूर एकाखाली एक. कंपोझ करणाऱ्या पोराच्याच लक्षात यायचं, "अहो, ही तीच शेळी दिसतेय." पेपर एक, सदर एक, त्यामुळे दोन्ही टोकं एकमेकांना भेटायची. आज मुंबईत मेसेज लाखो लोकांपर्यंत जातो, पण ती दोन टोकं एका जागी येतील असं ठिकाणच नाही. हरवलेला मेसेज मुलुंडच्या ग्रुपमध्ये, सापडलेला ठाण्याच्या. बोरिवलीचा कुत्रा दहिसर ओलांडून मीरा रोडला गेला की तीच गत. घाटकोपर पश्चिमेची मांजर पूर्वेला गेली तरी ग्रुप बदलतो. मध्ये फक्त रेल्वेचे रूळ असतात, पण आपल्यासाठी ते दोन देश.

त्याहून जुनी गोष्ट सांगतो. आपल्याकडे गावोगावी कोंडवाडे होते, शहरातही होते. मालाडचा कोंडवाडा तुम्हाला माहीत असेल, तिथेच पालिकेने २०२३ मध्ये पाळीव प्राण्यांसाठी दहनाची सोय केली. या कोंडवाड्यांमागचा कायदा १८७१ चा, इंग्रजांचा. मोकाट गुरं पिकात शिरतात म्हणून केलेला, त्यात भूतदया वगैरे काही नाही. पण त्यातली पद्धत बघा. जनावर कोंडवाड्यात आलं की कोंडवाडेवाल्याने वहीत लिहायचं: किती, कसं दिसतं, कोणत्या दिवशी, किती वाजता आलं, आणणाऱ्याचं नाव-गाव काय, मालक माहीत असेल तर त्याचं नाव. आणणाऱ्याला त्या नोंदीची नक्कल द्यायची. सात दिवसांत मालक आला नाही तर पोलीस ठाण्याला कळवायचं. मग ठाण्यात सगळ्यांना दिसेल अशा जागी वर्णनाची नोटीस लावायची आणि जिथे जनावर पकडलं त्याच्या जवळच्या गावात आणि बाजारात ढोल वाजवून दवंडी द्यायची. त्यानंतरही सात दिवस वाट बघायची, मगच लिलाव.

म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी हरवलेल्या म्हशीसाठी वही होती, पावती होती, नोटीस होती, दवंडी होती, मुदत होती. आज गुंड्यासाठी काय आहे? पुढे पुढे पाठवलेला मेसेज.

"मोबाइल हरवला तरी सापडत नाही, कुत्र्याचं काय घेऊन बसलात?" असं मला एका सरकारी कार्यालयातल्या साहेबांनी हसत विचारलं. कार्यालय कोणतं ते जाऊ दे. पण साहेबांचं उदाहरण चुकलं. मोबाइल सापडतात. केंद्र सरकारच्या 'संचार साथी'वर २०२३ पासून देशभरातला कुणीही हरवलेल्या फोनचा आयएमईआय नंबर टाकून तो ब्लॉक करू शकतो, आणि तो फोन कुणी सुरू केला की माग लागतो. हा नंबर १५ आकडी असतो. आता गंमत बघा. कुत्र्या-मांजरांना मानेजवळ कातडीखाली जी मायक्रोचिप बसवतात, तांदळाच्या दाण्याएवढी, तिचा नंबरही १५ आकडीच असतो. फरक एवढाच की फोनच्या नंबरामागे सगळ्या देशाची एक यादी उभी आहे, चिपच्या नंबरामागे तशी एक यादी नाही. ज्या डॉक्टरने बसवली त्याच्या फाइलमध्ये, नाहीतर चिप विकणाऱ्या कंपनीच्या नोंदीत नंबर पडून राहतो.

आणि हो, चिप म्हणजे जीपीएस नव्हे. हा गैरसमज मी शिकल्यासवरलेल्या लोकांकडूनही ऐकतो. "चिप आहे ना, मग मोबाइलवर दिसत नाही का?" नाही दिसत. चिपमध्ये बॅटरीच नसते. रीडर जवळ धरला तरच नंबर दिसतो, आणि तो नंबर कुठे नोंदलेला असेल तरच मालक कळतो. ब्रिटनने २०१६ पासून कुत्र्यांना चिप सक्तीची केली, इंग्लंडमध्ये जून २०२४ पासून मांजरांनाही. पण तिथेही मालकाचा पत्ता-फोन नोंदवून ताजा ठेवणं सक्तीचं आहे, नुसती चिप टोचून भागत नाही.

आपल्याकडे प्रयत्नच झाले नाहीत असं नाही. जुलै २०२३ मध्ये अंधेरीला विमानतळाबाहेरच्या वीस भटक्या कुत्र्यांच्या गळ्यात क्यूआर कोडचे बिल्ले घातले होते. पेपरात 'कुत्र्यांचं आधार कार्ड' म्हणून बातम्या आल्या, आठवत असेल. एका तरुण इंजिनिअरचा तो उपक्रम, त्याचा स्वतःचा पाळलेला कुत्रा हरवला होता, त्यातून सुचलेला. कोड स्कॅन केला की कुत्र्याचं नाव, लस, नसबंदी, कुणाला फोन करायचा, सगळं दिसणार. साधी आणि स्वस्त गोष्ट. पण बिल्ला म्हटलं की एक जुनी गोष्ट आहेच: मुंबईत पाळीव कुत्र्याचं महापालिकेचं लायसन्स काढणं बंधनकारक आहे. आता तर ते ऑनलाइन निघतं. तुमच्या सोसायटीत किती जणांनी काढलंय, विचारून बघा. काकांनी काढलं नव्हतं. मी आमच्या बिल्डिंगमध्ये विचारलं तर दोघांनी मला उलट विचारलं, "त्याचा फायदा काय?" याला उत्तर देता येईना, कारण आज लायसन्स म्हणजे निव्वळ पैसे भरल्याची पावती. तेच लायसन्स हरवलेल्या जनावराच्या नोंदीला जोडलं तर लोक स्वतःहून रांग लावतील.

आता हे सगळं आत्ताच का लिहितोय? कारण दिवस बदललेत. ७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला: शाळा-कॉलेज, हॉस्पिटल, क्रीडा संकुलं, एसटी-बस स्थानकं आणि रेल्वे स्टेशनच्या आवारातली भटकी कुत्री पकडायची, नसबंदी-लसीकरण करून निवाऱ्यात ठेवायची, परत त्या जागी सोडायची नाहीत. आदेश बरोबर की चूक, यावर कमेंटमध्ये महाभारत करू नका, तो वेगळा विषय. लहान मुलांना कुत्री चावतात हे मीही रिपोर्ट केलेलं आहे आणि त्या आईबापांचा राग खोटा नसतो. माझा मुद्दा एवढाच आहे की हरवलेला, भुकेला कुत्रा खाण्याच्या वासाने स्टेशनकडेच वळतो. वडापावच्या गाड्या तिथे, माणसांची वर्दळ तिथे. एरवी नसबंदीच्या नियमाप्रमाणे कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडतात, त्यामुळे आठवड्याभराने का होईना, ते आपल्या भागात तरी परत यायचं. स्टेशनवरून उचललेलं आता येणार नाही. गळ्यात पट्टा नसलेला, चिखलाने माखलेला गुंड्या आणि भटका कुत्रा यात गाडीवरच्या माणसाने फरक कसा करायचा?

मुंबईला हा प्रश्न नवा नाही. १८३२ च्या जूनमध्ये याच शहरात कुत्र्यांवरून दंगल झाली होती. भटकी कुत्री मारायचा हुकूम होता, कुत्र्यामागे आठ आणे मिळायचे, आणि त्या लोभाने लोकांची पाळलेली कुत्रीही दारातून ओढून नेतात, अशी ओरड होती. पारशी मंडळींनी दुकानं बंद केली, फोर्टात पोलिसांवर हल्ले झाले, लष्कर बोलवावं लागलं. जवळजवळ दोनशे वर्षं झाली, आणि हे कुत्रं कुणाचं, हे सांगणारी वही आपण अजून नीट घातलेली नाही.

फार मोठं काही मागत नाहीये. नसबंदी केंद्रात आलेल्या प्रत्येक कुत्र्याची नोंद, कुठून पकडलं, कधी पकडलं, गळ्यात नंबरचा पट्टा, हे नियमाने करावंच लागतं. म्हणजे वही आहे. तिला फोटो जोडा आणि रोज रात्री लोकांना दिसेल अशा ठिकाणी टाका. त्याच पानावर नागरिकांना 'हरवलं' आणि 'सापडलं' दोन्ही नोंदवू द्या. मुलुंडचा टी वॉर्ड, घाटकोपरचा एन वॉर्ड, बोरिवलीचा आर मध्य, सगळ्यांचं पान एकच हवं, आणि ठाणे नि मीरा-भाईंदर महापालिकाही त्यात हव्यात, कारण कुत्र्याला चेक नाका कळत नाही. आणि जिथे जनावरं ठेवतात त्या प्रत्येक निवाऱ्यात एक चिप रीडर. ७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली तेव्हापासून 'नगरसेवकच नाहीत, कुणाला सांगणार' ही सबब होती. १५ जानेवारी २०२६ ला आपण मतदान केलं, आता तीही सबब उरली नाही. मी आमच्या वॉर्डात लेखी दिलंय, पोचपावती घेतलीय. तुम्हीही तुमच्या वॉर्डात द्या.

"माणसं हरवतात तिकडे लक्ष द्या आधी," अशी कमेंट येणार, मला माहीत आहे. आणि "कुत्री हवीत कुणाला," अशीही. दुसऱ्या मंडळींना खास सांगतो, ही नोंदवही तुमच्याच जास्त कामाची आहे. 'हरवला' म्हणवले जाणारे सगळेच कुत्रे हरवलेले नसतात. घर बदललं, म्हातारा झाला, त्वचारोग झाला की रात्री गाडीत घालून आरेच्या रस्त्यावर सोडून येणारे महाभाग आहेत. पाळलेलं जनावर असं टाकणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. पन्नास! दोन वडापाव. पण तो पन्नासचा दंड लावायलासुद्धा आधी मालक कोण ते कळावं लागतं.

सापडलेलं जनावर परस्पर ठेवून घेणाऱ्यांनाही दोन शब्द. "रस्त्यावर मिळालं, आता आमचं," असं कायदा म्हणत नाही. मालक कोण हे माहीत असताना, किंवा शोधायचा बऱ्यापैकी प्रयत्न न करताच वस्तू आपली म्हणून ठेवली, तर तो अपहार होतो, आणि कायद्याच्या नजरेत पाळीव जनावर ही मालमत्ताच आहे. उलट बाजूही आहे. १८७२ च्या करार कायद्यात लिहिलंय की सांभाळायला, मालक शोधायला झालेला खर्च मिळेपर्यंत सापडलेली वस्तू अडवून धरता येते, आणि मालकाने बक्षीस जाहीर केलं असेल तर ते मागताही येतं. आमच्या वॉचमनने यातलं काही न वाचता झाला तेवढाच खर्च घेतला. बक्षीस जाहीर करणाऱ्यांनी मात्र सांभाळा. "तुमचा कुत्रा आमच्याकडे आहे, आधी गाडीभाडं पाठवा" असे फोन येतात. काकांच्या लेकीला असे दोन आले होते. एकाने दोन हजार उकळले. पैसे पाठवण्याआधी व्हिडिओ कॉल करायला सांगा.

पोपट सापडला तर वेगळं. आपला हिरवा, लाल चोचीचा पोपट पाळायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे "कुणाचा पोपट" म्हणून माझ्याकडे फोटो पाठवू नका. वनखात्याला १९२६ वर कळवा.

मांजरवाल्यांसाठी अनुभवाचं: मांजर लांब जात नाही. घाबरलं की पहिले काही दिवस त्याच बिल्डिंगच्या डक्टमध्ये, पार्किंगमधल्या गाडीच्या बॉनेटखाली, गच्चीवरच्या टाकीमागे दडून बसतं आणि हाक मारली तरी ओ देत नाही. दिवसा शोधून उपयोग नाही. रात्री दोन-अडीचला, रहदारी थांबल्यावर, टॉर्च घेऊन जा. कुत्र्याचं उलटं, तो धावत सुटतो. दिसला तर त्याच्यामागे पळू नका, आणखी पळेल. खाली बसा, त्याची ओळखीची वस्तू काढा. काकांची वाटी आठवा.

आणि फोटो ताजा ठेवा. आंघोळीनंतरचा एक, आणि मळलेला असतानाचाही एक. हे मी गुंड्यापायी शिकलो.

आपल्या पेजवर मी गेल्या महिन्यापासून बदल केलाय. हरवलेले आणि सापडलेले सगळे एकाच अल्बममध्ये, तारखेप्रमाणे, ठाण्याचे आणि मीरा रोडचेही. रोज रात्री जेवण झाल्यावर मी आणि बायको ते एकदा नजरेखालून घालतो. तिची नजर माझ्यापेक्षा बरी आहे.

आत्ता त्यात शेवटची नोंद ही: गव्हाणपाडा, मुलुंड पूर्व. बोका, भगवा-पांढरा, अंदाजे दोन-तीन वर्षांचा, माणसाळलेला. मंगळवारी रात्री एका सोसायटीच्या मीटर रूममध्ये सापडला. सध्या तिथल्याच एका आजींकडे आहे, मासे खातोय, तब्येत ठीक. त्याच्या अंगावर एक खूण आहे, ती मुद्दाम लिहिलेली नाही. तुमचा असेल तर इनबॉक्समध्ये आधी ती खूण सांगा.